मदत हवी आहे: हवाईच्या बिग आयलंडवर कोणते किनारे निवडू?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन बिग आयलंडला जातोय. हातात पाचच दिवस, मुक्काम कोनाला. आईचे गुडघे दुखतात, आणि सोबत 7 वर्षांची लेक, जी एकदा पाण्यात शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाही.

पुनालुऊ नक्की केलंय. तापलेला लाव्हा समुद्रात पडून फुटतो, त्याचीच ती काळी वाळू, आणि तिच्यावर हिरवी कासवं ऊन खात पडलेली असतात. वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली, तेव्हापासून आईला एकदा मोठं कासव बघायचंय. 20 फुटांवरून का होईना!

खरा पेच पापाकोलेआचा आहे. ऑलिव्हिन नावाच्या खनिजामुळे तिथली वाळू चक्क हिरवी. पण गाडी ठेवून एका बाजूने जवळपास 4 किलोमीटर चालायचं, वाटेत सावली नाही, शेवटी उतार. आईला गाडीपाशी बसवून आम्ही जाणं मला पटत नाही. त्याऐवजी पोहोइकी करावं का? 2018 च्या किलाउएआच्या उद्रेकातून तयार झालेला किनारा, म्हणजे माझ्या लेकीपेक्षा थोडाच मोठा! पण तो कोनापासून पार दुसऱ्या टोकाला.

लेकीसाठी हापुनाची पांढरी वाळू डोक्यात आहे. हिवाळ्यात तिथे लाटा मोठ्या असतात म्हणे. डिसेंबरात कुणी लहान मुलांना घेऊन गेलंय का? आणि दुपारी काळ्या वाळूवर अनवाणी चालता येतं का, तेही सांगा.