सांडा "भरपूर" आहे म्हणून?
एकांनी लिहिलंय की राजस्थानात सांडे, म्हणजे काटेरी शेपटीचे मोठे सरडे, ढिगाने दिसतात, त्यांचं तेल काढून औषध म्हणून विकणाऱ्यांनी थोडे धरले तर काय बिघडलं. ढिगाने दिसतात हे खरंय हो, पण तीच तर गोची आहे. थर आणि कच्छच्या कडक सपाट जमिनीवर त्यांची बिळं जवळजवळ असतात, मोठा सांडा आपल्या बिळात एकटाच राहतो आणि आत गेला की तोंड मातीने बंद करून घेतो, म्हणजे धरणाऱ्याला एक जागा सापडली की खणत खणत अख्खी वस्ती साफ. आणि गवत-पाला खाणारा हा प्राणी गरुड, ससाणे, कोल्हे सगळ्यांचं खाणं आहे, तो गेला की त्यांचेही हाल.

ठाणे स्टेशनबाहेर फुटपाथवर मी हे तेल विकणारा पाहिलाय, समोर जिवंत सांडे नुसते पडलेले. पळत कसे नाहीत म्हणून वाकून बघितलं तर कंबर मोडलेली, पळू नयेत म्हणून मुद्दामच मोडतात. आणि ते "औषधी" तेल म्हणजे शेपटीच्या बुडाशी साठलेली साधी चरबी, बाकी काही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने याची शिकार आणि विक्री दोन्ही गुन्हा आहे, तरी गर्दीतून लोक खुशाल भाव विचारत होते.