पहिल्या महायुद्धात मरण पावलेला आयरिश खेळाडू कागदोपत्री कसा शोधायचा?

प्रश्न – रानवाटा
रग्बीवाल्यांची माहिती चटकन मिळते. बॅझिल मक्लिअर घ्या: आयर्लंडकडून ११ सामने, २४ मे १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ मृत्यू, तिथल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर नाव. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग या खास आयरिश खेळांतल्यांचा मात्र पत्ता लागत नाही. हातात फक्त नाव, काउंटी (जिल्हा) आणि खेळल्याचं साल आहे. सुरुवात कुठून करू?

जुनी_पानं
मक्लिअर अधिकारी होता, तिथेच फरक पडतो. साध्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त सेवानोंदी १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. म्हणून वळसा घ्यावा लागतो.

आधी १९११ ची आयरिश जनगणना उघडा, ऑनलाइन फुकट आहे. वय, धंदा आणि घरातल्या सगळ्यांची नावं टिपून घ्या. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धात पडलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या यादीतून सैनिक क्रमांक आणि बटालियन काढा. तिथे आईवडिलांचं नाव नसलं तर थांबू नका. सैनिकाच्या थकीत पगाराची नोंदवही बघा: पैसे कोणाला मिळाले ते त्यात असतं. ते नाव जनगणनेतल्या आईशी किंवा बहिणीशी जुळलं, तरच माणूस तोच धरा. नुसत्या नावावर गेलात तर मर्फी आणि केली अशा नेहमीच्या आडनावांचे लोक ढिगानं सापडतील.

शिळाप्रेस
१९२३ च्या आठ खंडांच्या आयरिश स्मृतिनोंदीवर विसंबू नका. ४९,००० च्या वर नावं आहेत, पण आयरिश रेजिमेंटमधले इंग्रजही त्यात आलेत आणि इतर पलटणींत गेलेले कित्येक आयरिश सुटलेत. गडी कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात गेला असेल तर नशीबच म्हणायचं, त्या फायली शाबूत आणि ऑनलाइन आहेत.

बटालियनच्या रोजच्या युद्धनोंदींच्या डायरीत शिपायाचं नाव शोधणं बहुधा फुकट जातं. तिथे तो नुसता आकडा असतो. मृत्यूच्या तारखेचं पान वाचा, जागा आणि लढाई कळते.

मैदानाबाहेर
क्लबांचे इतिहास गप्प असतात त्याला कारण आहे. ब्रिटिश सैनिक आणि पोलिसांना सदस्यत्व नाकारणारा जीएएचा (गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग चालवणाऱ्या संघटनेचा) नियम २१ थेट २००१ मध्ये रद्द झाला. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या आयरिश उठावानंतर तर खाकी गणवेशाची आठवणच नकोशी झाली. १९१२ च्या गेलिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात अँट्रिम काउंटीकडून खेळलेला विल्यम मॅनिंग १९१८ मध्ये लढाईत पडला, अशी नावं आत्ता कुठे पुढे येताहेत. त्यामुळे नंतरच्या स्मरणिकांपेक्षा १९१४ ते १९१८ ची स्थानिक वर्तमानपत्रं चाळा.

आणि सगळेच रणांगणावर मेले नाहीत. १९१४ मध्ये वेल्सविरुद्ध रग्बी खेळलेला जॅस्पर ब्रेट तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईनंतर मनानं खचला आणि १९१७ मध्ये मायदेशी वारला. अशांसाठी आयर्लंडच्या नागरी मृत्युनोंदी बघा, त्याही फुकट आहेत.