पॉइंट टू-टू रायफलची नवी बॅरल : दर गोळीनंतर साफ करावी का?

घोडबंदरकर : मुलीसाठी ५० मीटर प्रकाराची नवी रायफल घेतल्यावर ठाण्यातल्या आमच्या नेमबाज मंडळींनी एकमुखाने सांगितले, की नवी बॅरल (नळी) रुळावी म्हणून सुरुवातीला प्रत्येक गोळीनंतर आणि पुढे दर पाच गोळ्यांनंतर बॅरल साफ करावी. माझ्या मते हा सोपस्कार येथे गैरलागू आहे. मोठ्या कॅलिबरच्या गोळीला तांब्याचे आवरण असते. काडतूस बसते ती पोकळी, म्हणजे चेंबर, कापताना त्याच्या पुढच्या तोंडाशी राहिलेले आडवे ओरखडे ते तांबे खरवडतात आणि ते पुढे नळीत चिकटते, म्हणून तेथे या पद्धतीला काही अर्थ तरी आहे. आपली पॉइंट टू-टूची गोळी निव्वळ शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप, वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर. मग साफ नेमके काय करायचे?

ऐरोलीची नेमबाज : काका, तांबे नसले तरी शिसे त्याच ओरखड्यांत अडकते. शिवाय नव्या नळीत कारखान्यातले गंजरोधक तेल असते. सुरुवातीला वरचेवर साफ केले, की रॉडने नळीतून सरकवलेला कापडाचा तुकडा, म्हणजे पॅच, कुठे अडखळतो हे हाताला कळते, आणि पॅचवर शिशाचे चकचकीत कण दिसले तर बॅरल खडबडीत आहे हे वेळीच समजते. बॅरल निर्मात्यांतही दुमत आहेच : क्रीगर कंपनी ही पद्धत सुचवते, तर गेल मॅकमिलन यांनी तिने बॅरलचे आयुष्यच घटते म्हणून विरोध केला होता, अर्थात तो वाद मोठ्या कॅलिबरचा.

घोडबंदरकर : पहिली सफाई मान्य, पण पुढचे नाही. साफ केलेल्या नळीला मेणाचा थर पुन्हा एकसारखा बसेपर्यंत ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) विस्कटलेलाच राहतो, म्हणजे दर वेळी आपण मूळपदावर येतो. आणि येथे लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. आयात काडतुसे असल्या कामात उडवण्याइतकी स्वस्त नाहीत. त्यात रॉड नळीत सरळ ठेवणारा बोअर गाइड न लावता, तेही गोळी बाहेर पडते त्या तोंडाकडून रॉड घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. तोंडाची कड एकदा झिजली, की कुठलीही सफाई उपयोगाची नाही.

कळव्याचा प्रशिक्षक : रॉड मागूनच घालावा, पॅच तोंडाशी काढून टाकावा, हे दोघांनाही मान्य असावे. मात्र ‘ग्रुप बिघडेपर्यंत हात लावू नये’ हे टोकही चुकीचे आहे, कारण चेंबरच्या लगत पुढे कार्बनचे कडक कडे जमते आणि ते जुने झाले, की द्रावणात भिजवून ब्रशने घासले तरी लवकर सुटत नाही. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत तर सरावानंतर तेलाचा हलका पॅच आणि पुढच्या सरावाआधी कोरडा पॅच हवाच.

ऐरोलीची नेमबाज : सर, माझा आक्षेप तोच आहे. राज्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ग्रुप फाटला, तर दोष बॅरलचा, काडतुसांच्या लॉटचा की माझ्या ट्रिगरचा, हे सुरुवातीपासून पॅच पाहिल्याशिवाय मी कशावरून ठरवणार?