लहान मुलांना पैसे शिकवणारं ॲप: आधी सुट्टे की आधी स्कॅन?

कोपरीकर (मूळ धागा)

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी मराठीत पैशांचं साधं ॲप करायचं, तर त्यात काय असावं? माझं मत ठाम आहे: नाणी, नोटा आणि मोड. बस्स. बँकेचं खातं, व्याज, क्यूआर कोड यातलं काहीही या वयात नको.

कारण असं. पाच वर्षांचं मूल नग मोजतं, किंमत नाही. रुपयाची पाच नाणी आणि दहाचं एक नाणं समोर ठेवलं तर ते पाचांच्या ढिगाकडे हात करतं. ‘एक वस्तू म्हणजे अनेक’ ही गोष्ट पक्की झाल्याशिवाय बचत, खर्च हे नुसते शब्द राहतात.

आराखडा चार पडद्यांचा. पहिल्यावर १, २, ५, १० ची नाणी. मूल नाणं उचलून वाटीत टाकतं, आवाज येतो, ‘दोन रुपये’. दुसऱ्यावर एकच रक्कम वेगवेगळ्या नाण्यांनी भरायची. १, २ आणि ५ च्या नाण्यांनी पाच रुपये चार प्रकारे होतात आणि दहा रुपये दहा प्रकारे. दहाचं नाणं धरलं तर अकरा. सगळे प्रकार सापडल्यावरच पुढचा पडदा उघडेल. तिसऱ्यावर ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारासारखी भाजीची पाटी, जुडी, लिंबांचा वाटा. चौथ्यावर मोड.

चित्रं काढू नका, खऱ्या नाण्यांचे फोटो घ्या, आणि प्रत्येक किमतीच्या नाण्याचे निदान तीन वेगवेगळे छाप ठेवा. रुपयाचं आणि दोनचं नाणं दोन्ही पांढऱ्या स्टीलची, आणि त्यांचे कितीतरी छाप आजही चलनात आहेत. ॲपमध्ये एकच छाप पाहिलेलं मूल दुकानात दुसरा छाप दिसला की अडतं.

आकारही खराच हवा. नव्या मालिकेत १ चं नाणं २० मिमी, २ चं २३, ५ चं २५ आणि १० चं २७ मिमी. फोन स्वतःच्या पडद्यावरच्या ठिपक्यांची घनता नेहमी बरोबर सांगत नाही, म्हणून पहिल्यांदा ॲप उघडल्यावर पडद्यावर एक वर्तुळ दाखवायचं. पालकांनी त्यावर खरं दहाचं नाणं ठेवून वर्तुळ जुळवायचं. नोटांची अडचण वेगळी. दहाची नोट १२३ मिमी लांब, ती उभ्या फोनवर मावत नाही. ती छोटी केली तर नाण्यांशी प्रमाण बिघडतं. त्यापेक्षा मधोमध घडी घातलेली दाखवावी. बाजारात नोट हातात येते तीही बहुतेक तशीच.

घंटाळी

दिशा पटते, पण दोन ठिकाणी जोराचा आक्षेप.

पहिला: दहा रुपयांचे सगळे प्रकार शोधायला लावू नका. ते पैशांचं काम नाही, क्रमवार मांडणीचं आहे, आणि पाच-सहा वर्षांचं मूल त्यात थकून ॲप बंद करेल. पाच रुपयांचे चार प्रकार पुरेत. दहाला कुठलेही तीन सापडले की पुढे जाऊ द्या.

दुसरा आक्षेप मोडीच्या पडद्यावर. ‘किती परत मिळतील?’ असं विचारून चार पर्याय देऊ नका. मोड वजाबाकीने शिकवायची नसते, पुढे मोजत शिकवायची असते. आपल्याकडचं रोजचं उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून ठाणे आणि नवी मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. पन्नासची नोट दिली. मुलाने रिक्षावाल्याच्या जागी बसून तळहातावर एकेक रुपया ठेवायचा: सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मग दहा-दहाची दोन नाणी: चाळीस, पन्नास. हातात चोवीस. वजाबाकीचं चिन्ह कुठेही नाही आणि उत्तर स्वतःच तपासलं जातं.

आकडा लिहायला लावलाच, तर चुका वाचायला शिका. ३६ आलं म्हणजे मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं, शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहातून शून्य. ३४ आलं म्हणजे दशक सुटा केला, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहिला. या दोन चुकांवर उपाय वेगळे आहेत. पहिल्याला परत नाण्यांकडे न्यावं लागतं. दुसऱ्याला दहाचं एक नाणं फोडून रुपयाची दहा नाणी झालेली दाखवायची, म्हणजे दशक कुठे गेला ते दिसतं. ॲप दोघांनाही नुसतं लाल फुली आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाखवणार असेल, तर त्यापेक्षा कागद बरा.

आवाजाबद्दल. मराठीत एक ते नव्याण्णव जवळजवळ प्रत्येक संख्येचं नाव वेगळं बसतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी ते इथे नको, पण बाजारात ऐकू येतं ते ‘एकवीस’च, म्हणून ॲपनेही तेच बोलावं. तुकडे जोडून ‘सत्तेचाळीस’ तयार होत नाही. ९९ संख्या, ‘एकशे’ ते ‘नऊशे’ नऊ, ‘शंभर’ एक, ‘रुपया’ आणि ‘रुपये’ दोन, अशा १११ ध्वनिफिती माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा. ९९९ पर्यंतची प्रत्येक रक्कम त्यांतून बोलता येते. एकेक फीत सव्वा सेकंदाची धरली तरी सगळ्या मिळून एक एमबीही होत नाहीत.

आठ वर्षांच्या मुलांसाठी सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे यांचा छोटा खेळ जरूर ठेवा. इंग्रजी माध्यमातली मुलं ‘पावणेदोनशे’ ऐकून दोनशे पंचवीस काढून देतात, आणि हे शब्द त्यांना दुसरं कोणी शिकवत नाही.

ऐरोली_सेक्टर_८

मी मूळ मुद्द्यालाच विरोध करतो. हे ॲप बाहेर दिसतच नाही असं जग शिकवणार आहे. भाजीवाल्याच्या पाटीला क्यूआर चिकटवलेला, वाण्याच्या गल्ल्यावर साउंडबॉक्स. मूल रोज काय पाहतं? आई फोन पुढे करते, डबा बोलतो आणि पिशवी हातात येते. कोणाच्या हातून काहीही कमी होताना दिसत नाही. याच वयात ‘पैसे फोनमध्ये असतात आणि संपत नाहीत’ असा समज घट्ट होतो. तो दुरुस्त करायची जागा हेच ॲप आहे.

स्कॅनचा पडदा असा करता येईल. वर पारदर्शक डबा, त्यात ५० रुपयांची नाणी. खाली खेळण्यातला फोन. मूल रक्कम टाकतं, दुकानाचं चित्र आणि रक्कम वाचून हिरवं बटण दाबतं, आणि मग डब्यातून तेवढी नाणी एकेक करून, आवाज करत, दुकानदाराच्या गल्ल्यात जातात. एकदम गायब होऊ देऊ नका. प्रत्येक नाण्याला निदान अर्धा सेकंद द्या. डब्यात २० असताना २५ टाकले तर व्यवहार होत नाही, डबा नुसता हलतो. पाचऐवजी पन्नास टाकले, एक शून्य जास्त पडलं, तर डबा रिकामा होतो आणि ‘परत द्या’ म्हणून दुकानदाराकडे जावं लागतं. हे सगळं नाण्यांइतकंच प्राथमिक आहे.

कोपरीकर

@घंटाळी, दोन्ही आक्षेप मान्य. दहाचे तीन प्रकार पुरेत. ३६ आणि ३४ ची फोड आराखड्यात घेतो.

@ऐरोली_सेक्टर_८, डब्याची कल्पना चांगली आहे, पण तुमच्या मुलाला ‘२५’ आणि ‘२०’ यांतला फरक आधी कुठून कळला? तो कळण्यासाठीच तर पहिले दोन पडदे. शिवाय पिनची पाटी दाखवायची की नाही? खऱ्यासारखी दाखवली तर आपण सहा वर्षांच्या मुलाला पिन टाकायची सवय लावतो. नाही दाखवली तर तुमच्या जगाचं चित्र अर्धवट. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनेनुसारसुद्धा दहा वर्षांच्या पुढच्या मुलांनाच बचत खातं स्वतः चालवू देता येतं, तेही बँकेने ठरवलेल्या मर्यादेत. आपलं ॲप आठपर्यंतचं आहे.

जुईनगर_पश्चिम

तुमच्या दोघांच्याही वादात एक गृहीत आहे की हे काचेवर शिकता येतं. नाण्यांच्या बाबतीत तरी येत नाही.

दहाचं आणि वीसचं नाणं घ्या. दोन्ही दोन धातूंची, दोन्ही २७ मिमीची. वीसचं बारा कडांचं आहे आणि वजन ८.५४ ग्रॅम, दहाचं गोल, ७.७४ ग्रॅम. खिशात हात घातला की बोटाला हा फरक कळतो. पडद्यावर वर्तुळ कितीही अचूक जुळवा, बोटाला काचच लागणार.

दोन मुलांच्या जोडीला लागणारं साहित्य सांगतो: रुपयाची २० नाणी, दोनची १०, पाचची ५, दहाची ५. एकूण ११५ रुपये. सोबत वीसच्या दोन नोटा आणि पन्नासची एक. एक मूल दुकानदार, एक गिऱ्हाईक, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. वस्तू घरातल्याच, भावाच्या चिठ्ठ्या हाताने लिहिलेल्या. सुरुवातीला सगळे भाव १० च्या आत, मग २० च्या आत. शाळांमध्ये बालआनंद मेळाव्यात मुलं खरे पैसे हाताळतात ते याचसाठी. हे साहित्य नंतर मोडून खर्चही करता येतं, ॲपवरचा वेळ परत येत नाही.

एक सावधगिरी. खेळासाठी नोटांच्या रंगीत झेरॉक्स काढू नका. नोटेसारखा दिसणारा कागद बनवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे, आणि मूल तो कागद खरा समजून वाण्याकडे नेतं ते वेगळंच.

करावे_गाव

पडदे कुठलेही ठेवा, पण माहितीच्या बाबतीत चूक करू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. कलम ९ नुसार मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांचा माग ठेवणं किंवा त्यांना नेमून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. छोट्या ॲपने सरळ मार्ग घ्यावा: नाव नाही, लॉगिन नाही, जाहिरात नाही, प्रगतीची नोंद फोनमध्येच. ॲप कोण कसं वापरतं ते मोजणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या तयार विश्लेषण किटमुळे घोळ होतो. ते जोडलं की माहिती बाहेर जाते आणि करणाऱ्याला कळतही नाही.

दोन तांत्रिक गोष्टी. रक्कम कधीही दशांश अपूर्णांकात साठवू नका, पूर्णांकात पैसे साठवा: साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे. आणि अंक कुठले, हे आधी ठरवा. नव्या मालिकेच्या नोटांवर देवनागरी अंकही आहेत, नाण्यांवर ते नाहीत, मराठी माध्यमाच्या पहिलीच्या पुस्तकात ते आहेत. भावाच्या पाटीवर दोन्हींपैकी एक निवडायचं बटण ठेवा, पण खऱ्या नाण्याच्या फोटोवर काहीही रंगवू नका.

घंटाळी

@जुईनगर_पश्चिम, खरी नाणी पहिली, याला पूर्ण पाठिंबा. पण चूक वाचणारं माणूस प्रत्येक घरात नसतं. ३६ का आलं हे दुकानदार झालेलं दुसरं मूल सांगू शकत नाही. तेवढ्यासाठी ॲप कामाचं. म्हणून ॲपने प्रत्येक पडद्याच्या शेवटी सांगावं, ‘आता डब्यातली खरी नाणी घेऊन हेच करा’, आणि पालकांनी खूण केल्यावरच पुढचा पडदा उघडावा. एका बैठकीला पंधरा मिनिटं पुरेत.

बक्षिसाचा विषय कोणी काढला नाही, मीच काढते. बरोबर उत्तराला ‘सोन्याची नाणी’ देऊ नका. जे ॲप दहा म्हणजे पाच अधिक पाच असं शिकवतंय, तेच कशाच्याही बदल्यात न मिळालेली ५०० नाणी उधळत असेल, तर शिकवलेलं सगळं पुसलं जातं. पिशवीत भाजी आली, गल्ल्यात मोड बरोबर बसली, एवढं बक्षीस या वयाला पुरतं.

ऐरोली_सेक्टर_८

खरी नाणी, बक्षीस नाही, माहिती फोनमध्येच, हे सगळं मान्य. पिनबद्दल @कोपरीकर यांचा आक्षेपही बरोबर आहे. पिनच्या जागी ‘मोठ्यांना विचारा’ असं हाताचं चित्र ठेवू, आणि ते दाबल्यावर फोन मोठ्यांच्या हातात द्यावाच लागेल.

पण स्कॅनचा पडदा आठ वर्षांपर्यंत लांबवायला मी तयार नाही. दुसऱ्या पडद्यानंतर, म्हणजे मुलाला पाच रुपयांचे चार प्रकार जमले की लगेच, फक्त १० रुपयांच्या आतल्या रकमांसाठी तो उघडावा. तेवढं अंकज्ञान त्याला तेव्हा असतं. डबा रिकामा होताना बघण्यासाठी पावणेदोनशे कळायची गरज नाही.

कोपरीकर

दहाच्या आत, हाताचं चित्र, आणि नाणी एकेक करून जाणार, या तीन अटींवर स्कॅन पाचवा पडदा म्हणून घेतो, मोडीच्या नंतर. दुसऱ्यानंतर लगेच नाही. मोड न शिकता स्कॅन शिकलेल्या मुलाला मोड शिकायचं कारणच उरत नाही, कारण स्कॅनमध्ये मोड कधी लागतच नाही. ही अडचण तुमच्या क्रमात सुटत नाही. सुटत असेल तर कशी, ते पडद्याच्या पायऱ्यांसह लिहा.