फराळाचा डबा परत करायला शिकवलं, म्हणजे एथिक्स शिकवलं का?

सुपरवायझर_बडोदं: दांडिया बाजारातल्या एका घरी ऑटिझम असलेल्या मुलाकडे एक शिकाऊ थेरपिस्ट जाते. दिवाळीत आजींनी चकल्या-अनारशांचा डबा हातात दिला. "आम्हाला चालत नाही" म्हणत हिने तो टीपॉयवर ठेवला आणि निघाली. आजी आता सेशनला बाहेरच येत नाहीत, आणि पोरगा बोलतो तो त्यांच्याशीच. सिनियरने तिला सांगितलं होतं, भेट घ्यायची नाही. का, आणि नाही म्हणायचं तर कसं, हे कोणी शिकवलं? आपण नियम घोकून घेतो, निर्णय घ्यायला शिकवत नाही.

रावपुरेकर: साफ असहमत. आज चकली, पाडव्याला चांदीचं नाणं, मग "ताई, शाळेसाठी रिपोर्ट जरा बरा लिहा ना". त्यात आपल्याकडे कोण कोणाचं सोयरं निघेल सांगता येत नाही. नवख्या पोरीला 'विवेक वापर' म्हणणं म्हणजे ओझं तिच्या गळ्यात घालणं. सरसकट 'नाही'मुळे तिचीच सुटका होते.

नोंदवही: नियम तरी पुरता वाचा. वर्तन-थेरपिस्टना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या बीएसीबी या संस्थेची २०२२ पासूनची आचारसंहिता आभारापोटी क्वचित दिलेली, दहा डॉलरपर्यंतची भेट चालवून घेते. डबाभर चकल्या त्यात आरामात बसतात.

रावपुरेकर: त्याच बीएसीबीने २०२३ पासून भारतातले नवे अर्ज घेणं बंद केलं. मग तिचे डॉलर इथे कशाला मोजायचे? सेंटरने आपला कडक नियम करावा.

सुपरवायझर_बडोदं: उलट, म्हणूनच सुपरवायझरवर जास्त भिस्त. बीएसीबीकडे शिकाऊच्या फील्डवर्कच्या तासांपैकी किमान ५ टक्के सुपरव्हिजन लागतं. आपल्याकडे ते बहुतेकदा तक्ता बघून सही करण्यात जातं. मी सरावासाठी शिकाऊ मुलींपैकी एकीला आजी करते, दुसरीला थेरपिस्ट. डबा तिथेच उघडायचा, पोराला 'दे' म्हणून चकली मागायला लावायची, आजींकडूनच ती द्यायला लावायची. सेशनही झालं, आजींचा मानही राहिला. मग नोंद करायची आणि मला कळवायचं.

रावपुरेकर: युक्ती झकास, पण तुम्ही समोर बसून शिकवता. बाकी ठिकाणी सुपरवायझर व्हिडिओ कॉलवर, तोही नेट चाललं तर. तिथे विवेक कोण तपासणार? नियम निदान भिंतीवर चिकटवता येतो.

एक_आई: डब्याचं तुम्ही बघा. माझं पोर रडून लाल झालं की थांबायचं की रेटायचं, हे ती मुलगी त्या क्षणी कोणाला विचारून ठरवते?

रावपुरेकर: याला नियम पुरणार नाही, कबूल. फराळाबद्दल मात्र मी हटत नाही.