मदत हवी आहे: काळजीवाहक भत्त्यासाठी महाराष्ट्रात अर्ज कुणाकडे करायचा?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, वय २६, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) ९० टक्के दिव्यांगत्व. भरवणं, आंघोळ, डायपर सगळं मीच करते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीही उठून कूस बदलावी लागते, त्यामुळे नोकरी सोडावी लागली. आईवडील नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३८ प्रमाणे त्या गरजेचं मूल्यांकन मंडळाकडून होतं आणि अर्ज घरचं माणूसही करू शकतं. कायद्यात इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही कार्यालयात विचारलं की तहसीलवाले समाजकल्याणकडे पाठवतात, समाजकल्याणवाले सिव्हिल हॉस्पिटलकडे. सगळं तोंडी, लेखी नकारही देत नाहीत. याचा फार त्रास होतो, कारण त्याला एकटं ठेवून जाता येत नाही.

संजय गांधी निराधारचं अनुदान त्याच्या नावावर सुरू आहे. निरामय (दिव्यांगांसाठीचा आरोग्य विमा) आहे. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाचा आदेशही मिळालाय. आयकरातली ८०डीडीची वजावट (दिव्यांग नातेवाइकाच्या सांभाळासाठीची) कृपया सुचवू नका, कर भरण्याइतकं उत्पन्नच नाही. संस्थेत ठेवण्याचा विचार नाही.

राज्यात कुणाला हा भत्ता प्रत्यक्षात मिळालाय का? कलम ३८ चा अर्ज नेमका कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे करायचा, आणि यूडीआयडी व पालकत्वाच्या आदेशाखेरीज सोबत काय जोडायचं?