सेहेचाळिसाव्या वर्षी ट्रॅकवर उतरायचे आहे. सुरुवात कशी करावी?

आरएक्स_सातारकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय 46 असून मी साताऱ्यात राहतो. मोटारसायकलींची ओढ मला वडिलांच्या येझ्दीमुळे लागली आणि महाविद्यालयात असताना जुनी म्हणून घेतलेली यामाहा आरएक्स 100 आजही माझ्याकडे उत्तम चालू स्थितीत आहे. त्या काळी मैदानात होणाऱ्या मातीवरच्या शर्यती पाहायला आम्ही मित्र लांबलांब जात असू. स्वतः उतरावे असे तेव्हापासून मनात आहे, पण नोकरी, घर आणि मुलांचे शिक्षण यांपुढे ती इच्छा मागे राहिली. आता थोडा वेळ आणि थोडे पैसे बाजूला काढता येतील अशी परिस्थिती आहे.

मला विजेता व्हायचे नाही, मात्र नियमानुसार भरलेल्या हौशी शर्यतीत एकदा तरी सुरुवातीच्या रेषेवर उभे राहायचे आहे. या वयात ते शक्य आहे का? आरएक्स त्यासाठी तयार करावी, की दुसरी गाडी घ्यावी? आणि आमचा एक गट दर रविवारी पहाटे पसरणी घाटात वेगाने जातो, त्यांच्याबरोबर जाणे हा सराव म्हणून उपयोगी ठरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वळणवाट

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे. घाटातला वेग हा शर्यतीचा सराव नाही, आणि असे मी केवळ धोक्यामुळे म्हणत नाही. घाटात प्रत्येक वळण एकदाच येते. त्यावर कधी वाळू असते, कधी ट्रकमधून सांडलेले डिझेल असते, समोरून एसटी येण्याची शक्यता तर कायमच असते. त्यामुळे आपण त्या वळणावर काय बरोबर केले आणि काय चुकीचे केले हे कधीच कळत नाही. ट्रॅकवर तेच वळण दोन-अडीच मिनिटांनी पुन्हा समोर येते. एका फेरीत ब्रेक जरा आधी सोडून पाहावा, पुढच्या फेरीत गाडी जरा उशिरा आत वळवावी, आणि फरक वेळेत मोजावा. शिकणे याला म्हणतात, आणि ते बंद ट्रॅकशिवाय होत नाही. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

वयाबद्दल म्हणाल, तर चाळिशीनंतर सुरुवात केलेली अनेक माणसे मी ट्रॅकवर पाहिली आहेत. ती बहुधा तरुणांपेक्षा हळू असतात, पण सांगितलेले ऐकतात आणि गाडीवरून कमी वेळा पडतात.

आपल्याकडे डांबरी ट्रॅकवरच्या शर्यतींचे घर दक्षिणेत आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना 1953 ची असून पूर्वी या शर्यती चेन्नईजवळच्या शोलावरम येथील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर भरत असत. आता त्या श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारे 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर होतात. कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचा असून एस. करिवर्धन यांच्या नावाने तो ओळखला जातो. दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट 2011 पासून आहे आणि 2023 मध्ये मोटोजीपी या मोटारसायकलींच्या जागतिक स्पर्धेची शर्यतही तिथे झाली, परंतु नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याची लांब सरळ पट्टी मोठ्या इंजिनाला साजेशी आहे आणि लहान गाडीवर शिकणाऱ्याला तिथे वळणे कमी आणि वाट पाहणे जास्त मिळते.

साताऱ्याहून चेन्नई हजार किलोमीटरच्या पुढे आहे आणि गाडी तिथवर नेणे हाच मोठा खर्च ठरतो. म्हणून आधी प्रशिक्षण शिबिर करा, तेही शक्यतो तिथलीच गाडी घेऊन. त्यानंतर देशातील मोटार शर्यतींची नियामक संस्था असलेल्या फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा स्पर्धक परवाना काढावा लागेल. त्याशिवाय अधिकृत शर्यतीत उतरता येत नाही. सर्वांना एकसारखी गाडी देणाऱ्या स्पर्धा नवख्यांना सोयीच्या असतात. टीव्हीएसची वन-मेक स्पर्धा त्यांपैकी जुनी आहे. रॉयल एनफिल्डच्या कॉन्टिनेंटल जीटी कपमध्ये तर व्यावसायिक आणि हौशी असे वेगळे वर्ग ठेवले गेले आहेत. अशा ठिकाणी फक्त पोशाख घेऊन जायचे असते, आणि कोणाची गाडी किती महाग हा प्रश्नच उरत नाही.

शिबिरात पहिल्यांदा नजरेवर काम होईल. गाडी नजरेमागे जाते, हे आपण सगळे ऐकून असतो, पण वेगात असताना समोरच्या काही मीटरवरून नजर उचलून वळणाच्या शेवटाकडे नेणे फार कठीण जाते. दुसरी गोष्ट शरीराची. सुमारे 40 मीटर त्रिज्येचे वळण ताशी 72 किलोमीटरने घेतले, तर गाडी आणि चालक यांचा मिळून कल जवळपास 45 अंशांचा होतो, आणि हे पदार्थविज्ञान कोणासाठी बदलत नाही. चालकाने आपले शरीर आतल्या बाजूला काढले, तर तेवढ्याच वेगासाठी गाडी स्वतः कमी कलते आणि टायरला थोडी पकड शिल्लक राहते. गुडघा जमिनीला लागणे हा याचा परिणाम आहे. तेच उद्दिष्ट समजून गुडघा बाहेर काढणाऱ्यांचे वरचे शरीर बहुतेक वेळा उलट्या बाजूला राहिलेले असते.

गॅरेजवाला_चिंचवड

वळणवाट यांच्याशी सहमत आहे. मी गाड्यांविषयी लिहितो.

आरएक्स 100 माझ्याही अत्यंत जिव्हाळ्याची आहे. 98 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, 11 अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन, एवढ्यावर 1985 मध्ये आलेल्या त्या गाडीने आपल्याकडच्या एका पिढीला वेग म्हणजे काय ते दाखवले. परंतु तिचे उत्पादन 1996 मध्ये थांबले आणि चांगले सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत. पुढचा ब्रेक ड्रमचा आहे. एका मागोमाग एक जोरात ब्रेक लावत गेल्यावर तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. टायर अरुंद आहेत. टू-स्ट्रोक इंजिन थ्रॉटल सोडल्यावर गाडीला फारसे रोखत नाही, आणि कार्ब्युरेटरचे जेटिंग, म्हणजे इंधन सोडणाऱ्या छिद्रांचे माप, जरा कमी पडले तर भर वेगात पिस्टन जाम होऊन मागचे चाक अडकू शकते. अशा वेळी क्लच दाबण्यासाठी बोटे तयार ठेवावी लागतात, ही सवय नवीन माणसाला नसते. तुमची गाडी मूळ अवस्थेत जपून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ट्रॅकसाठी 150 ते 200 सीसीची, चांगल्या चासिसची (सांगाड्याची) जुनी गाडी घ्या. यामाहाची आर15 भारतात 2008 मध्ये आली, तेव्हा 150 सीसीच्या इंजिनाला लिक्विड कूलिंग आणि डेल्टाबॉक्स फ्रेम होती; शिकण्यासाठी ती आजही उत्तम आहे. केटीएमची आरसी 200 आमच्या चाकणमध्येच तयार होते, त्यामुळे भाग मिळण्याची अडचण नाही. कमी ताकदीच्या गाडीवर वेग राखण्यासाठी वळण नीट घ्यावेच लागते. मोठ्या गाडीवर मात्र वळणात केलेली चूक पुढच्या सरळ पट्टीवर थ्रॉटल पिळून झाकता येते, आणि ती चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

तयारीत आधी ब्रेक ऑइल बदला, कारण ते हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि ऐन वेळी लिव्हर मऊ पडतो. आरसे काढा, हेडलाइट आणि इंडिकेटरवर चिकटपट्टी लावा. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधून घ्या. तो सैल होऊन तेल सांडले, तर ते मागून येणाऱ्याच्या चाकाखाली येते. आयोजक सांगतील तिथे रेडिएटरमधून कूलंट काढून साधे पाणी भरा, कारण कूलंट डांबरावर फार निसरडे होते. टायर तापले की आतला दाब वाढतो, म्हणून ट्रॅकवर हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवतात. किती, ते टायरवर अवलंबून आहे आणि तिथल्या जाणत्या माणसाला विचारूनच ठरवावे.

लीड्सहून_मिलिंद

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या इंग्लंडमध्ये राहतो आणि इथल्या क्लबच्या शर्यतींत हौसेने भाग घेतो. इथे नवख्याला ऑटो-सायकल युनियन या मोटारसायकल शर्यतींच्या संस्थेचा परवाना मिळण्याआधी एक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि सुरुवातीच्या शर्यतींत नारिंगी जाकीट अंगावर चढवावे लागते, जेणेकरून मागून येणारा जपून ओलांडेल. त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. माझ्याच वर्गात निवृत्तीला आलेले लोक जुन्या गाड्या घेऊन येतात, स्वतः स्पॅनर चालवतात आणि संध्याकाळी व्हॅनमध्ये सामान भरून घरी जातात.

रस्त्यावरच्या वेगाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आइल ऑफ मॅन बेटावर हौशी चालकांसाठी 1923 मध्ये सुरू झालेली शर्यत 1930 पासून मँक्स ग्रां प्री या नावाने ओळखली जाते. तिचा मार्ग सुमारे 60.7 किलोमीटरचा असून तो सार्वजनिक रस्त्यांचाच आहे, पण कायद्याने ते रस्ते तेवढ्या वेळापुरते बंद केले जातात, जागोजागी झेंडे दाखवणारे आणि मदतीला धावणारे मार्शल असतात आणि हेलिकॉप्टरने डॉक्टर पोहोचतात. एवढे सगळे असूनही त्या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक चालकांचे प्राण गेले आहेत. पसरणी घाटात तर यांपैकी काहीच नाही.

आरएक्स_सातारकर

सर्वांचे मनापासून आभार. घाटातल्या गटाला मी नकार कळवला आहे आणि आरएक्सला हात लावणार नाही. आता शरीराच्या तयारीविषयी विचारतो. मी रोज चालतो, पण व्यायामाची सवय नाही. चष्माही आहे. आणि पत्नीची काळजी अपघाताविषयी आहे, ती मला रास्त वाटते.

नाशिकची_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः मोटारसायकल चालवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते. चालणे चांगले आहे, पण पुरेसे नाही. ट्रॅकवर मांड्या, पोट आणि पाठ यांच्या जोरावर शरीर सावरायचे असते. त्यांत ताकद नसली की माणूस हँडलला लटकतो, पुढचे हात दगडासारखे कडक होतात आणि ब्रेकचा अंदाज चुकू लागतो. म्हणून निदान तीन महिने स्क्वॉट, प्लँक आणि मांड्यांचे व्यायाम नियमित करा, आधी रक्तदाब आणि हृदय तपासून घेऊन. चेन्नईच्या दमट उन्हात चामड्याचा सूट घालून माणूस फार लवकर थकतो. तहान लागण्याची वाट न पाहता मीठ-साखरेचे पाणी घेत राहा आणि शेवटच्या सत्रात दमल्यासारखे वाटले तर ते सोडून द्या. चष्म्याच्या काड्या हेल्मेटमध्ये दाबल्या जातात, तेव्हा हेल्मेट घेताना चष्मा लावूनच अर्धा तास घालून बसा.

ताईंची काळजी खरी आहे आणि तिला उत्तर म्हणून केवळ आश्वासन देऊ नका. पडणे होऊ शकते, आणि खांद्यावर पडल्यास हासळीचे हाड (कॉलरबोन) मोडणे ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. दुचाकीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत वगळलेली असते. वैयक्तिक अपघात विम्याची कागदपत्रेही त्यांच्यासमोर वाचा आणि आयोजकांचे संरक्षण किती आहे ते लेखी विचारा. शक्य असल्यास शिबिराला त्यांना बरोबर न्या. ॲम्ब्युलन्स कुठे उभी असते, लाल झेंडा पडल्यावर सगळे कसे थांबतात, हे त्यांनी स्वतः पाहिलेले बरे.

पोशाखात काटकसर नको. संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, पाठीचे कवच, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट हवेतच. सूट मात्र उभे राहून पारखू नका. दुकानात एखाद्या गाडीवर शर्यतीच्या पवित्र्यात वाकून बसा, गुडघे आणि कोपरांची कवचे जागेवर राहतात का ते पाहा; उभे असताना तो पाठीत थोडा ओढल्यासारखा वाटला तर माप बरोबर आहे.